स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा

जानेवारीतल्या एका सकाळी मी विरजण मागायला शेजारच्या सिस्टरकडे गेले, तर तिनं कॉम्प्युटरला गोधडी पांघरवलेली. टेबलाशेजारी जो उभा डबा असतो, ज्याला सगळं आर्णी गाव सीपीयू म्हणतं, त्याला चारी बाजूंनी गोधडी नीट खोचलेली आणि वरून तिच्या नवऱ्याची, काकांची, जुनी शाल. नवं बाळ गुंडाळून ठेवतात ना, अगदी तसं.

"सिस्टर, हे काय चालवलं तुम्ही?"

"सकाळपासून एक्केचाळीस दाखवून राह्यला वं नीलू. गारठला बिचारा. आता पांघरून घातलं त चढून राह्यला पाय."

मी पाहिलं. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या रंगात एक आकडा होता, तो खरंच चढत होता. मी शाळेत मराठी शिकवते. कॉम्प्युटरशी माझा संबंध शाळेची माहिती भरण्यापुरता, तोही चिडचिड करत. मला वाटलं, असेल बाई. सिस्टर, म्हणजे बसंतीबाई राठोड, आयुष्यभर सरकारी नर्स. कोणता आकडा कमी आणि कोणता जास्त हे तिला मी काय शिकवणार! विरजण घेतलं आणि घरी आले.

सिस्टर जवळच्याच एका बंजारा तांड्यातली. दहावी झाल्यावर घरच्यांशी भांडून यवतमाळला नर्सचा कोर्स केला आणि मग उपकेंद्रांवर नोकरी. कधी सायकल, कधी बैलगाडी, कधी चिखलातून पायी, तिनं निम्म्या तालुक्याची बाळंतपणं केली. पर्समध्ये पैसे नसतील एक वेळ, पण पाऱ्याचं थर्मामीटर असायचंच. ते झटकून काखेत लावायचं आणि खिडकीच्या उजेडात तिरपं धरून वाचायचं, हे तिनं इतक्यांदा केलंय की आता ती पेनसुद्धा लिहायच्या आधी झटकते.

निवृत्त झाली आणि वर्षाच्या आत उत्तमसिंगकाकांना लकवा मारला. काका एसटीत ड्रायव्हर होते. गडगडाटी माणूस, गाडीचा हॉर्न वाजवल्यासारखं हसायचे. एका सकाळी उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून सिस्टरचं सगळं जग त्या पुढच्या खोलीत येऊन बसलं. तिथं काकांचा पलंग, खिडकीत लोखंडी कूलर, आणि समोर टेबलावर कॉम्प्युटर. काका इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेले, पण पाठीवर एक जखम नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, तेल, पावडर, व्यायाम. लोक म्हणायचे, दवाखान्यात होत नाही इतकं होते इथं. सिस्टर म्हणायची, "मंग? मी काय फुकटची नर्स होती का?"

कॉम्प्युटर मुलाचा. बादल पुण्यात नोकरीला आहे, त्यानं नवा घेतला आणि हा जुना मोठ्या पडद्यासकट घरी आणून बसवला, तोही काकांसाठीच. मोबाइलच्या पडद्यावर काकांना चेहरा ओळखू यायचा नाही. मोठ्या पडद्यावर बादल दिसला की डाव्या बाजूचा ओठ वर जायचा, डावा हात चादरीवर हलायचा, घशातून काहीतरी आवाज निघायचा. दिवसातून दोनदा हे व्हायचं. बाकी दिवसभर काका छताकडे बघत असायचे. म्हणून सिस्टरचा त्या कॉम्प्युटरवर जीव. तो बंद पडला की काका पुन्हा छताकडे, एवढं साधं गणित होतं.

आणि तो बंद पडायला लागला होता. बोलणं सुरू असताना मध्येच फट्कन काळा. बादलनं तिकडूनच काहीतरी करून कोपऱ्यात तो आकडा बसवून दिला आणि सांगितलं, "याडी, हा आतल्या प्रोसेसरचा ताप हाये. बंद पडायच्या आधी किती होता ते मले सांगत जाय." याडी म्हणजे आई. ही दोघं एरवी आपसात गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत, बोलतात, मी समोर असले की माझ्यासाठी मराठीत.

आता इथंच घोळ झाला. आपल्याकडे ताप मोजायचा हिशोब वेगळा आणि ऊन मोजायचा वेगळा. पोराला एकशे दोन आहे म्हणतो, बाहेर पंचेचाळीस आहे म्हणतो, दोन्ही एका दमात, आणि कुणालाच काही खटकत नाही. बादलनं 'ताप' म्हटलं आणि सिस्टरच्या डोक्यात तापाचा हिशोब सुरू झाला. एक्केचाळीस म्हणजे गेलाच की हा, गारठून गेला. घाला गोधडी.

त्याच दिवशी संध्याकाळी मी तिथंच होते. काका पडद्यावर बादलला बघत होते आणि कॉम्प्युटर फट्कन बंद. बादलचा लगेच मोबाइलवर फोन.

"याडी, किती होता?"

"अठ्ठ्याण्णव," सिस्टर खुशीत म्हणाली. "एकदम नॉर्मल. सकाळी लय गारठला होता, मी गोधडी घालून आणला वरते."

स्पीकरवरून बादलचा आवाज चढला.

"याडी, काय घालून?"

"गोधडी."

"थे सेल्सिअस हाये, याडी! सेल्सिअस! शंभरावर पाणी उकळते! तू त्याले उकळून राह्यली!"

सिस्टरनं फोन माझ्या हातात दिला आणि धावत जाऊन गोधडी ओढून काढली. डब्यातून भट्टीची वाफ यावी तशी गरम हवा आली. तिचा चेहरा असा पांढराफटक पडला, जसं काही तिनं कुणाला चुकीचं इंजेक्शन दिलंय. मी हसून हसून पोट धरलं, पण ती हसली नाही. "मी त्याले मारून टाकला असता वं," एवढंच म्हणाली, आणि तिथंच स्टुलावर बसली. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं.

बादल भला पोरगा. त्यानं ओरडून झाल्यावर शांतपणे सगळं समजावलं. गाणी, व्हिडिओ काही सुरू नसेल तेव्हाचा आकडा हा त्याचा बसल्या जागचा ताप. तो खोलीपेक्षा दहा-बारा जास्त असणारच. खोली तीसची असेल तर हा एक्केचाळीस-बेचाळीस. व्हिडिओ सुरू केला की पासष्ट-सत्तर, ऐंशीपर्यंत घाबरायचं नाही. नव्वदच्या पुढं गेला तर बंद करून मला फोन. काम थांबलं की आकडा दोन-चार मिनिटांत खाली आला पाहिजे. आला नाही तर आत धूळ आहे, नाहीतर पंखा गेलाय. आणि खोलीपेक्षा थंड तो कधीच होणार नाही, कितीही पंखे लाव.

"म्हंजे नाडीवानी," सिस्टर म्हणाली. "बसल्याची वेगळी, पळाल्याची वेगळी."

"बरोबर, याडी."

त्या दिवसापासून सिस्टरला त्या आकड्याचं वेडच लागलं. चूक झाली ना, मग आता ती चूक पुन्हा होऊ द्यायची नाही, हा तिचा स्वभाव. भाजी निवडता निवडता बघायची. काकांना भरवताना घास त्यांच्या तोंडाशी आणि डोळे कोपऱ्याकडे. मी गेले की आधी आकडा सांगायची, मग चहाचं विचारायची. फेब्रुवारीत तिनं आतली धूळ ब्रशनं अशी साफ केली की बादलनं पडद्यावरून टाळ्या वाजवल्या. मी चिडवायची, "सिस्टर, पेन्शन झाली पण पेशंट सुटला नाही." ती म्हणायची, "चूप बस. तुह्या शाळेतल्या पोरायपेक्षा शहाणा हाये हा. इचारलं की खरं सांगते."

मग मे महिना आला.

आर्णीतला मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगणार! दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं, त्यात हात घातला तर भाजतो. घराघरात कूलर घरघरत असतात, आणि तो आवाज सुरू असला की माणूस निर्धास्त असतो. कूलर सुरू आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

त्या दुपारी जेवून मी जरा आडवी होत होते, तर सिस्टरची भिंतीपलीकडून हाक. मी डोक्यावर ओढणी घेतली आणि धावत गेले. पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले, कूलर जोरात सुरू, काका भिंतीकडे तोंड करून झोपलेले. सिस्टर कॉम्प्युटरसमोर घामाघूम. डब्याचा बाजूचा पत्रा काढून ठेवलेला, हातात ब्रश.

"नीलू, याले पाय. अकरा वाजतापासून चढून राह्यला. काहीच सुरू नाही. गाणं नाही, व्हिडिओ नाही. एकोणपन्नास होता, मंग बावन्न, आता छप्पन. धूळ पाह्यली, नाही. पंखा पाह्यला, फिरून राह्यला. मंग याले झालं काय?"

"बंद करून टाका ना मग."

"अन् संध्याकाळी सुरू नाही झाला त? ह्यायनं सकाळी जेवण बी नीट केलं नाही. बादल दिसला का खातीन दोन घास."

मग तिला एक कल्पना सुचली. कूलरच्या तोंडाशी ज्या आडव्या-उभ्या पट्ट्या असतात, त्या काकांच्या पलंगाकडून ब्रशच्या दांड्यानं वळवून तिनं कॉम्प्युटरकडे केल्या. "झोपले हाये तंवर दहा मिनिटं याले हवा लागू दे," म्हणाली. आम्ही दोघी झोताच्या बाजूला बसून त्या आकड्याकडं बघत राहिलो. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशा.

सत्तावन्न. मग अठ्ठावन्न.

"अवं माय!" सिस्टर उठून उभी राहिली. "हवा लावली त वाढला? असं कसं होते?"

मला काय माहीत! मी बादलला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सिस्टरनं सगळं सांगितलं, अगदी ड्यूटी सोपवताना सांगतात तसं नीट.  मग बादलनं विचारलं, "याडी, नक्की काही सुरू नाही ना?"

"नाही म्हंतलं ना."

"पत्रा उघडा हाये, पंखा फिरून राह्यला, अन् कूलर समोर हाये?"

"हो रे."

"मंग खराबी कॉम्प्युटरची नाही. बारा कमी कर. खोलीच शेहेचाळीसची हाये. कूलरसमोर हात धर बरं."

सिस्टरनं कूलरसमोर हात धरला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिनं हात काढला नाही, नुसती उभी राहिली. मीही हात धरला. कूलर नव्हे, तवा होता तो. आतली पाण्याची मोटर बंद पडली होती. सकाळी तिनं स्वतः भरलेलं पाणी खाली टाकीत तसंच्या तसं होतं. ज्यावर ते पाणी पडतं ते जाळीतलं गवत वाळून खडखडीत झालेलं, आणि पंखा बाहेरची गरम लू ओढून ओढून सगळ्या खोलीत भरत होता. अकरा वाजल्यापासून. थेट पलंगावर.

"याडी," फोनमधून बादलचा आवाज आला, एकदम लहान मुलासारखा. "बापू कुठी हाये?"

बापू तीन हातांवर झोपलेले होते.

सिस्टर पलंगाकडे गेली आणि तिनं काकांच्या मानेला हात लावला. लावला आणि झटक्यात मागं घेतला, चटका बसावा तसा. मी पुढं झाले. काकांचं अंग कोरडं ठाक होतं. इतक्या उकाड्यात आम्हा दोघींच्या अंगावरून घामाच्या धारा, आणि त्यांच्या अंगावर घामाचा एक थेंब नाही. डोळे अर्धवट उघडे, पण त्यांत नजर नव्हती. श्वास भराभरा. ते झोपलेले नव्हतेच. कितीतरी वेळापासून ते झोपलेले नव्हते, आणि त्यांना हाक मारता येत नव्हती.

माझ्या तोंडून 'या अल्ला' निघालं. सिस्टरनं थर्मामीटर काढलं, झटकलं, काखेत लावलं आणि हातानं दंड दाबून धरला. खिडकीचा पडदा ओढून तिनं ते तिरपं धरलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते माझ्या हातात दिलं. पारा एकशे पाचच्या वर गेला होता.

पुढचं सगळं तिनंच केलं, पण मला सांगता येणार नाही की ते करणारी सिस्टर होती की तिच्या अंगात मुरलेली नोकरी. नळाचं पाणी उपयोगाचं नव्हतं, ते उकळतंच होतं. स्वयंपाकघरातला माठ तिनं उचलून आणला आणि काकांच्या अंगावर उपडा केला. माझ्या घरचाही माठ तसाच रिकामा झाला. चादरी ओल्या करून गुंडाळल्या. फ्रिजमधला सगळा बर्फ काखेत, मानेखाली, जांघेत. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते आणि रडत होते. ती रडत नव्हती, गोरबोलीत त्यांना हाका मारत होती, एकसारखी, आवाज न चढवता. टेबलावर फोन सुरूच होता. पलीकडून बादलही हाका मारत होता.

माझे मिस्टर, गफ्फार, त्यांचं गॅरेज चौकात आहे. मी सिस्टरच्या मोबाइलवरून ओरडून सांगितलेलं त्यांना अर्धवट कळलं असावं, पण ते कुणाचा तरी ऑटो घेऊन दारात आले. ओल्या चादरीत गुंडाळलेले काका आम्ही तिघांनी उचलले. ऑटोत सिस्टर खाली बसली, काकांचं डोकं मांडीवर. गफ्फारनी वाटेत बर्फाच्या गाड्यावर न विचारता हात घातला आणि अर्धी लादी पोत्यासकट आत टाकली. गाडेवाला आमच्याकडं बघतच राहिला.

दवाखान्यात त्यांनी पटापट घेतलं. एक तरुण नर्स होती, हाताला वेगवान. सलाईन लावता लावता तिनं विचारलं, "बाबांचं अंग कधीपासून तापलं?"

कुणीही विचारेल असा हा प्रश्न. बसंतीबाईनं तो आयुष्यभर किती जणींना विचारला असेल, आणि उत्तर देता आलं नाही की किती आयांना झापलं असेल, ते मी ऐकून आहे. तिनं त्या पोरीकडे पाहिलं.

"कॉम्प्युटरचं अकरा वाजतापासून चढून राह्यलं होतं," ती म्हणाली. "ह्यायचं मी पाह्यलंच नाही. कूस बी बदलली नाही."

त्या पोरीला वाटलं असेल, बाईला भ्रम झालाय. तिनं माझ्याकडं बघितलं.  मी सिस्टरला धरून बाकावर आणून बसवलं.  

दिवस मावळता मावळता ताप एकशे एकवर आला. डॉक्टर म्हणाले, अजून तास-दीड तास उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. आता मूत्रपिंडावर लक्ष ठेवू, पण धोका बराचसा टळलाय. थोड्या वेळानं काकांनी डोळे उघडले. या वेळी त्यांत नजर होती. त्यांनी छताकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. डावा हात चादरीवर हलला. बादल पुण्याहून निघाला होता, गफ्फारनी त्याला फोन करून सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं की मी बाहेर जाऊन तोंड धुतलं आणि दोन कप चहा घेऊन आले.

सिस्टरनं चहा हातात घेतला, पण प्यायली नाही.

मला तिला बरं वाटावं असं काहीतरी बोलायचं होतं. आणि मला ते खरंच पटलेलंही होतं. कूलर सुरू होता, काका गप्प होते, आपल्याला कळलं असतं कसं? मी म्हणाले, "सिस्टर, तुम्ही कायले सोताले खाऊन राह्यल्या? तो कोपऱ्यातला आकडा होता म्हणून आपल्याले समजलं. नाही त काका आपल्या हातून गेले असते."

 काकांच्या कपाळावरचे ओले केस तिनं मागं सारले आणि तळवा तिथंच ठेवला.

"तो आकडा नसता नीलू," ती म्हणाली, "त अकरा वाजताच मी ह्यायले हात लावून पाह्यला असता."